यादी ऑफिसातून फुटली, फोन मात्र बहिणीचा गेला

गेल्या वर्षी शिष्यवृत्तीचे अर्ज भरायचे दिवस चालू होते. रात्री साडेदहाला चुलत बहिणीचा फोन आला, तोही चाचींच्या नंबरवरून. "भाई, अब्बांनी माझा फोन काढून घेतलाय. उद्यापासून कॉलेजलाही जायचं नाही म्हणतात."

ती बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली पहिली मुलगी.

झालं होतं ते असं. कॉलेजच्या ऑफिसमधून व्हॉट्सॲप ग्रुपवर एक एक्सेल फाइल आली. फाइलचं नाव 'मायनॉरिटी फायनल न्यू २'. सोबत मेसेज, की ज्यांचं नाव लाल रंगात आहे त्यांनी बँक खातं आधारशी जोडून घ्यावं, उद्या शेवटची तारीख. फाइलमध्ये तीनशेहून जास्त मुलामुलींची नावं. प्रत्येकाच्या पुढे वडिलांचं नाव, धर्म, जात, पत्ता, मोबाइल नंबर, आधारचे पूर्ण बारा आकडे, बँकेचं नाव, खाते क्रमांक, घरचं वार्षिक उत्पन्न. लाल रंगातल्या तीसेक मुलांना निरोप द्यायचा होता, त्यासाठी तीनशे घरांच्या चुली उघड्यावर मांडल्या.

तिसऱ्या दिवशी बहिणीला फोन आला. समोरचा माणूस म्हणाला, शिष्यवृत्ती विभागातून बोलतोय. वडिलांचं पूर्ण नाव त्यानेच सांगितलं, बँकेची शाखाही त्यानेच सांगितली. "तुमचा अर्ज अडकलाय, आलेला ओटीपी सांगा." तिने फोन ठेवून दिला. तिच्या वर्गातल्या एका मुलाने मात्र ओटीपी सांगितला, आणि त्याच्या आईने बचत गटातून उचललेले पैसे गेले. मग बहिणीला दुसऱ्याच एका नंबरवरून रात्री मेसेज यायला लागले. तिचं नाव घेऊन, मोहल्ल्याचं नाव घेऊन, कोणत्या गल्लीत राहतेस ते ठाऊक आहे असं सांगत. तो मेसेज चाचांच्या नजरेस पडला आणि फोन कपाटात गेला.

"हा नंबर कुणाला दिलास?" हे तिला दहा वेळा विचारलं गेलं. यादी कुणी बाहेर टाकली, हे घरात एकानेही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजच्या ऑफिसात फोन लावला. हेडक्लार्क वाईट माणूस नव्हता. "पोरांच्या भल्यासाठीच टाकली ना, सर. एकेकाला फोन करत बसलो असतो तर तारीख गेली असती. आणि ग्रुपमध्ये सगळी आपलीच मुलं आहेत, बाहेरचं कोण आहे?" कॉलेज आपल्याच समाजाच्या ट्रस्टचं. ट्रस्टच्या एका पदाधिकाऱ्यांशी बोललो तर त्यांना वेगळीच काळजी. "भाई, हे बाहेर बोलू नका. संस्थेची बदनामी होईल. आधीच लोक टपून बसलेत."

मी बाहेर बोलतोय. संस्थेचं नाव घेत नाही, कारण हा एका संस्थेचा दोष नाही. तुम्ही ज्या कॉलेजात शिकता किंवा शिकलात, तिथले जुने ग्रुप एकदा चाळा. अशी एखादी फाइल तुमच्या हाती लागण्याचीच शक्यता जास्त.

जर्मनीतल्या अनोळखी माणसाची इज्जत

मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आमच्या टीमचं काम युरोपातल्या एका ग्राहकासाठी चालतं. त्या ग्राहकाच्या डेटाबेसमध्ये लाखो माणसांची माहिती आहे, पण मला त्यातलं एकही खरं नाव सहजासहजी दिसत नाही. चाचणीसाठी बनावट नावं वापरायची. खऱ्या नोंदी बघायची वेळ आलीच तर तिकीट काढायचं, कारण लिहायचं, वरिष्ठाची मंजुरी घ्यायची. दोन तासांनी परवानगी आपोआप संपते. मी काय बघितलं याची नोंद राहते. लॅपटॉपला पेन ड्राइव्ह लावला तर चालत नाही. जागेवरून उठलो की स्क्रीन बंद.

आमची कंपनी फार पुण्यवान आहे म्हणून हे होत नाही. युरोपात २५ मे २०१८ पासून जीडीपीआर नावाचा कायदा लागू आहे. त्यात गंभीर चुकीला दोन कोटी युरो किंवा जगभरातल्या वार्षिक उलाढालीच्या चार टक्के, यांतली मोठी रक्कम इतका दंड होऊ शकतो. त्या दंडाच्या भीतीने हिंजवडीतला इंजिनिअर शिस्तीत राहतो.

म्हणजे हॅम्बुर्गमधल्या अनोळखी माणसाचा पत्ता माझ्या हातात सुरक्षित, आणि माझ्या सख्ख्या चाचांच्या मुलीचा पत्ता तिच्याच कॉलेजच्या हातात असुरक्षित. हे मला फार लागलं. ज्यांनी हे कॉलेज उभं केलं, त्यांनी आपल्या मुलींनी शिकावं म्हणूनच उभं केलं होतं.

ऑफिसात काय चालतं

संगणकाचा जबाबदार वापर म्हटलं की आपल्याकडे विद्यार्थ्यांना सभागृहात बसवून भाषण देतात. फेसबुकवर काय टाकू नका, अनोळखी लिंक उघडू नका, पासवर्ड कुणाला सांगू नका. भाषण संपतं आणि ज्या ऑफिसने कार्यक्रम ठेवला त्याच ऑफिसात, शिष्यवृत्ती पोर्टलचा पासवर्ड मॉनिटरच्या कडेला चिकटवलेल्या चिठ्ठीवर असतो.

त्यानंतर मी मुद्दाम विचारपूस केली. वेगवेगळ्या कॉलेजांत काम करणारे मित्र आहेत, तासिका तत्त्वावर शिकवणारे, डेटा एंट्री करणारे, लॅब सांभाळणारे. सगळ्यांनी थोड्याफार फरकाने एकच चित्र सांगितलं.

पोर्टलचा लॉगिन एक, वापरणारे चार. त्यातला एक कंत्राटी ऑपरेटर सहा महिन्यांपूर्वी सोडून गेला, पासवर्ड तोच आहे. ओटीपी ज्या प्राध्यापकांच्या मोबाइलवर येतो ते वर्गावर असतात, म्हणून ते फोनवरून ओटीपी सांगतात आणि कोण काय मंजूर करतंय हे बघत नाहीत. गर्दी वाढली की ऑफिस मुलांना समोरच्या सायबर कॅफेत पाठवतं. कॅफेवाल्याच्या डेस्कटॉपवर 'स्कॅन' नावाचं फोल्डर असतं आणि त्यात तीन वर्षांची आधार कार्डं, उत्पन्नाचे दाखले, पासबुकची पहिली पानं पडून असतात. एखादे उत्साही सर गुगल फॉर्म बनवतात, पण प्रतिसादांची शीट 'लिंक असलेला कुणीही' बघू शकेल अशी ठेवतात. नोटीस बोर्डावर लाभार्थ्यांची यादी खाते क्रमांकासह लागते आणि जो तो मोबाइलवर फोटो काढून नेतो. आणि वर्षअखेरीला जुन्या अर्जांचे गठ्ठे रद्दीत जातात. एका मित्राने सांगितलं, कॉलेजबाहेरच्या गाडीवर त्याला भजी ज्या कागदात मिळाली तो प्रवेश अर्ज होता. फोटो चिकटवलेला, सही केलेला.

यात हॅकर कुठेच नाही. कुणी काही तोडलेलं नाही. दार उघडंच होतं.

आणि हेही खरं, की ज्या बाबूला आपण शिव्या घालतो त्याच्या टेबलावर तीन माणसांचं काम असतं. जागा रिकाम्या आहेत, भरती नाही, ऑपरेटर कंत्राटी, त्याला पगार वेळेवर नाही. पोर्टल शेवटच्या दोन दिवसांत चालत नाही. त्याला कधी कुणी शिकवलेलंच नाही, की धर्म आणि खाते क्रमांक असलेली फाइल व्हॉट्सॲपवर टाकणं म्हणजे काय. म्हणून माझा राग त्याच्यावर थोडा आणि प्राचार्यांवर, कुलसचिवांवर, ट्रस्टच्या विश्वस्तांवर जास्त आहे. इमारतीच्या रंगाचा ठराव बैठकीत होतो. विद्यार्थ्यांची माहिती कोण बघू शकेल, ती किती दिवस ठेवायची, कशी नष्ट करायची, याचा ठराव कधी झाला? पण 'कामाचा बोजा' हे कारणही एका मर्यादेपलीकडे चालत नाही. यादीतून आधारचा आणि खात्याचा रकाना काढून टाकायला अर्धं मिनिट लागतं.

"आपल्याकडे लपवण्यासारखं काय आहे?"

हा प्रश्न मला घरातही विचारला गेला, जमातमध्येही. शरीफ माणसाला लपवायचं काय?

घराला दार असतं ते चोरी लपवायला नसतं. आणि गरीब घराला तर दाराची जास्त गरज असते. ज्याच्या खात्यात शिष्यवृत्तीचे काही हजारच येणार आहेत, त्याचे ते गेले तर वर्ष जातं. फसवणाऱ्याला तुमचं गुपित लागत नाही. त्याला लागते तुमची खात्री पटेल एवढी खरी माहिती. वडिलांचं नाव, बँकेची शाखा, अर्ज कोणत्या टप्प्यावर अडकलाय, एवढं कळलं की त्याचा आवाज सरकारी वाटायला लागतो. आमच्या एक्सेल फाइलने त्याला हे सगळं ताटात वाढून दिलं.

दुसरी गोष्ट बोलायला जड जाते, तरी बोलतो. त्या फाइलमध्ये धर्माचा रकाना होता आणि त्याच्या शेजारी घराचा पत्ता होता. या देशात अशा याद्यांचं काय झालंय ते आपल्याला माहीत आहे. १९८४ मध्ये दिल्लीत शिखांची घरं शोधायला जमावांच्या हातात मतदारयाद्या होत्या, हे साक्षींमध्ये नोंदलेलं आहे. २००२ च्या गुजरातबद्दल ह्यूमन राइट्स वॉचने त्याच वर्षी काढलेल्या अहवालात, हल्लेखोरांकडे मुस्लिम घरं आणि दुकानांच्या पत्त्यांचे संगणकावरून छापलेले कागद होते असं म्हटलं आहे. दिल्लीतल्या त्या मतदारयाद्या कुणी दंगलीसाठी बनवल्या नव्हत्या. मतदानासाठी बनल्या होत्या. यादी बनवणाऱ्याचा हेतू यादीसोबत प्रवास करत नाही. प्रवास करतात ते फक्त रकाने.

मी भीती पसरवत नाही. शिष्यवृत्तीसाठी धर्म लिहावाच लागतो आणि तो लिहून आपला हक्क घेतलाच पाहिजे. ज्याला ती माहिती दिली त्याने ती त्या कामापुरतीच वापरावी, एवढंच मागणं आहे.

आपल्या नावावर खाल्लेले पैसे

माहितीच्या निष्काळजीपणात फक्त फोनवरचे ठगच हात धुऊन घेत नाहीत. केंद्राच्या अल्पसंख्याक शिष्यवृत्तीतला घोटाळा आठवा. २०२३ मध्ये अल्पसंख्याक मंत्रालयाने २१ राज्यांतल्या १,५७२ संस्थांची तपासणी करून घेतली. त्यातल्या ८३० संस्था बनावट, अंशतः बनावट किंवा बंद निघाल्या. २०१७-१८ ते २०२१-२२ या काळात १४४ कोटी ८३ लाख रुपयांचं नुकसान झाल्याचं सांगून मंत्रालयाने प्रकरण सीबीआयकडे दिलं.

आता यातला तांत्रिक भाग बघा. अर्ज ऑनलाइन असतो. तो खरा आहे हे आधी संस्थेचा नोडल अधिकारी आपल्या लॉगिनमधून प्रमाणित करतो, मग जिल्हा किंवा राज्य पातळीवर पडताळणी होते, मग पैसे थेट खात्यात. सगळी इमारत त्या लॉगिनच्या खांबावर उभी आहे. लॉगिन ज्याच्या हातात, त्याच्या एका क्लिकवर विद्यार्थी अस्तित्वात येतो. म्हणून चार जणांत एक पासवर्ड वापरणं ही बारीकशी गैरसोय नाही. उद्या चौकशी आली तर कुणी मंजूर केलं हे सिद्धच होत नाही, आणि प्रामाणिक बाबूही गाळात जातो. त्या वेळी टीव्हीवर जे आरोप झाले ते कुणावर झाले आठवतं? संस्थांवर कमी, 'मुसलमान शिष्यवृत्त्या लाटतात' यावर जास्त. खाणारे कुणीही असोत, नाव गरीब विद्यार्थ्याचं गेलं.

पदाधिकारी साहेब म्हणाले होते, बाहेर बोललात तर बदनामी होईल. माझं म्हणणं उलट आहे. आतलं आतच ठेवल्यानेच बदनामी आपल्यापर्यंत चालत येते.

मुलींना शहाणपण शिकवण्याआधी

जुलै २०२१ मध्ये 'सुल्ली डील्स' आणि १ जानेवारी २०२२ ला 'बुल्ली बाई' नावाचं ॲप गिटहबवर आलं. पत्रकार, वकील, विद्यार्थिनी, कार्यकर्त्या अशा मुस्लिम स्त्रियांचे फोटो त्यांना न विचारता उचलून त्यांचा 'लिलाव' मांडला होता. गिटहब हे माझ्या रोजच्या कामाचं ठिकाण आहे. सकाळी चहा घेताना मी तेच उघडतो. त्या आठवड्यात ते उघडताना हात आखडायचा. मुंबई पोलिसांच्या सायबर शाखेने 'बुल्ली बाई' प्रकरणात पहिली अटक केली ती बंगळुरूत शिकणाऱ्या अभियांत्रिकीच्या एका २१ वर्षांच्या विद्यार्थ्याला. म्हणजे माझ्याच विद्येचा माणूस.

ते फोटो सोशल मीडियावरून उचलले होते, कॉलेजच्या ऑफिसातून नाही, हे स्पष्ट सांगतो. मला बोलायचंय ते त्यानंतर आपल्या घरांत काय झालं याबद्दल. आपण मुलींना सांगितलं, डीपी काढा. इन्स्टा बंद करा. भावाचा नंबर द्या, स्वतःचा देऊ नका. गुन्हा करणारे कुणी दुसरेच, आणि शिक्षा आपण आपल्या मुलींना दिली. त्या बायकांनी तर तक्रारी दाखल केल्या, नावानिशी उभ्या राहिल्या, म्हणून अटका झाल्या. गप्प बसून झाल्या नाहीत.

माझ्या बहिणीने कुठे फोटो टाकला नव्हता. तिचा डीपी गुलाबाच्या फुलाचा होता. तिने अब्बांनी सांगितलेली प्रत्येक काळजी घेतली होती. तिने एकच गोष्ट केली, कॉलेजने मागितली ती माहिती कॉलेजला दिली. आणि तीच नेमकी बाहेर गेली. मग सांगा, आता तिने आणखी काय झाकायचं?

जो समाज मुलीच्या ओढणीवर तासभर बोलू शकतो, तो तिच्या आधार नंबरवर पाच मिनिटं बोलायला तयार नसेल, तर त्याला तिच्या इज्जतीची काळजी आहे असं मी मानणार नाही. त्याला तिच्यावरच्या ताब्याची काळजी आहे.

अमानत

आपल्याकडे यासाठी आधीपासून शब्द आहे. अमानत. दुसऱ्याने विश्वासाने ठेवायला दिलेली वस्तू. सूरह निसामध्ये अमानत ज्याची त्याला पोचवायचा हुकूम आहे. सूरह नूरमध्ये परवानगीशिवाय दुसऱ्याच्या घरात शिरू नये असं सांगितलं आहे, आणि सूरह हुजुरातमध्ये दुसऱ्याच्या खासगी गोष्टी उकरण्याची मनाई आहे. शुक्रवारच्या खुतब्यात अमानतीवर ऐकलेलं मला आठवतं, पण उदाहरण नेहमी पैशांचं किंवा दागिन्यांचं. खाते क्रमांक आणि पत्ता असलेली एक्सेल फाइल हीसुद्धा अमानत आहे, हे सांगणारा खुतबा अजून ऐकायचाय.

आणि ज्यांना देशाच्या कायद्याची भाषा जवळची वाटते त्यांच्यासाठी तीही आहे. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. आधार कायद्याच्या कलम २९ नुसार कुणाचा आधार क्रमांक जाहीरपणे प्रसिद्ध करता येत नाही. विद्यापीठांनी पदवी प्रमाणपत्रांवर पूर्ण आधार क्रमांक छापू नये, असं यूजीसीने २०२३ मध्ये कळवलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा झाला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम आले. यातली बहुतेक बंधनं नियम आल्यापासून अठरा महिन्यांनी लागू होणार आहेत. माहिती सांभाळण्यात कसूर झाली तर अडीचशे कोटींपर्यंत दंडाची तरतूद आहे. माहिती फुटली तर ज्याची ती आहे त्याला कळवणं बंधनकारक होईल. अठरा वर्षांखालच्यांसाठी पालकांची संमती लागेल, म्हणजे अकरावी-बारावीची बहुतेक मुलं यात आली.

माहिती बाळगणाऱ्या संस्थेला या कायद्यात 'डेटा फिड्युशिअरी' म्हटलंय. फिड्युशिअरी म्हणजे विश्वस्त. आपल्या भाषेत अमानतदार. कायद्याने शोधलेला शब्द आपल्या दादीच्या तोंडी होता.

या कायद्याची भलावण मात्र मी करणार नाही. दंडाची रक्कम भारताच्या संचित निधीत जाते, ज्याची माहिती फुटली त्याला भरपाई मिळण्याची सोय त्यात नाही. सरकारला आपल्याच यंत्रणांना या कायद्यातून सूट देण्याचा अधिकार आहे. धर्म किंवा जात यांना 'संवेदनशील माहिती' म्हणून वेगळं संरक्षणही त्यात नाही. म्हणजे कायद्याच्या नजरेत माझ्या बहिणीचा धर्म आणि तिचा ईमेल आयडी सारखेच. म्हणून 'कायदा आलाय, आता होईल सगळं' म्हणून बसून चालणार नाही.

मग करायचं काय

आधी ऑफिसात काम करणाऱ्यांना सांगतो. तुमच्यातले बरेच वाचक कुठल्या ना कुठल्या कॉलेजात, विद्यापीठात, ट्रस्टच्या ऑफिसात आहेत. हे उद्या सकाळपासून करता येईल आणि पैसा लागणार नाही.

प्रत्येकाचा लॉगिन वेगळा. पोर्टल एकच लॉगिन देत असेल तर तो एकाच माणसाकडे, आणि कुणी काम सोडलं की त्याच दिवशी पासवर्ड बदला. ओटीपी सहकाऱ्यालाही सांगू नका. ओटीपी म्हणजे तुमची सही आहे.

मुलांना निरोप द्यायचा तर अर्ज क्रमांक टाका, नाव टाकायची गरज नाही. "पुढील अर्ज क्रमांकांनी ऑफिसला भेटावं" एवढं पुरतं. नोटीस बोर्डालाही हाच नियम.

आधार मागायचंच असेल तर 'मास्क्ड आधार' मागा. आधारच्या अधिकृत संकेतस्थळावरून ते डाउनलोड होतं, त्यात फक्त शेवटचे चार आकडे दिसतात. पोर्टलवर पूर्ण क्रमांक लागत असेल तर विद्यार्थ्याने तो स्वतः टाकावा, तुमच्याकडे त्याची झेरॉक्स साठायचं कारण नाही.

खुर्चीवरून उठताना विंडोजचं बटण आणि एल दाबा, स्क्रीन लॉक होते. यादी पेन ड्राइव्हवरून घरी नेऊ नका. काम संपलं की फाइल पुसा, डाउनलोड फोल्डरमधूनही आणि व्हॉट्सॲपमधूनही. जुने अर्ज रद्दीत देण्याआधी फाडून बारीक करा.

वरून साहेबांचा फोन आला, 'यादी व्हॉट्सॲप कर', तर म्हणा, "सर, ईमेलवर लेखी कळवा, मग पासवर्ड लावून पाठवतो." हे वाक्य बोलायला धैर्य लागतं, कंत्राटी माणसाला तर फारच. म्हणून हा नियम प्राचार्यांच्या सहीने लेखी निघाला पाहिजे, म्हणजे बाबूच्या हातात ढाल राहील.

आता विद्यार्थ्यांना. तिघेचौघे मिळून प्राचार्यांना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. त्यात चारच प्रश्न विचारा. आमची कोणती माहिती तुमच्याकडे आहे? ती कोण कोण बघू शकतं? किती दिवस ठेवता? फुटली तर आम्हाला कोण कळवणार? अनुदानित कॉलेज असेल तर हेच प्रश्न माहिती अधिकारात दहा रुपयांत विचारता येतात आणि तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. पैशांची फसवणूक झाली तर लाजू नका, ताबडतोब १९३० ला फोन करा. पहिल्या काही तासांत पैसे गोठवले जाण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते. आणि कुणी मुलीला मेसेज करून सतावत असेल तर नंबर ब्लॉक करण्याआधी स्क्रीनशॉट घ्या.

आणि माझ्यासारख्या संगणकवाल्यांना. आपण ईदला गावी जातो, मोहल्ल्यातल्या मुलांना 'कोडिंग शिका' असं सांगतो. जरूर सांगू. पण त्याच सुट्टीत एक दुपार जवळच्या कॉलेजच्या ऑफिसात बसू. बाबूंना दोन तास शिकवू, भाषण न देता, त्यांच्याच संगणकावर. आणि आपल्या स्वतःच्या संस्थांपासून सुरुवात करू. जकात वाटणाऱ्या समित्या, मोफत क्लासेस, रेशन किट देणारे आपले ग्रुप. लॉकडाउनमध्ये किट घेताना हात पुढे केलेल्या बायकांचे फोटो आपणच फेसबुकवर टाकले होते. मीही एक टाकला होता. त्या बाईने मला परवानगी दिली नव्हती, आणि मी मागितलीही नव्हती.

शेवटी

मी त्या आठवड्यात गावी गेलो. चाचांना फाइल दाखवली. त्यांनी चष्मा लावून आपलं नाव, आपलं उत्पन्न, आपला खाते क्रमांक वाचला. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "माझा पगार पण लिहिलाय यात?" तोपर्यंत हा प्रश्न त्यांच्यासाठी मुलीच्या वागणुकीचा होता. तेव्हा कुठे तो त्यांचा स्वतःचा झाला.

तीन आठवड्यांनी बहिणीला फोन परत मिळाला, नवीन सिम घालून. कॉलेज सुटलं नाही, पण त्या तीन आठवड्यांतली प्रॅक्टिकल्स बुडाली ती बुडालीच. मुलांच्या अर्जानंतर कॉलेजने ग्रुपवर आता फक्त अर्ज क्रमांक टाकायला सुरुवात केली आहे. चूक झाली, असं मात्र कुणी म्हणालेलं नाही.

आणि ती जुनी फाइल? ती तीनशेहून जास्त फोनांत आहे. ती आता कुणालाच परत बोलावता येणार नाही. पुढची मात्र अजून निघालेली नाही. यंदाचे अर्ज भरायला सुरुवात होईल, तेव्हा तुमच्या कॉलेजच्या ऑफिसात ती उघडून बसलेल्या माणसाच्या शेजारी जाऊन उभे राहा, आणि आपुलकीने सांगा, "चाचा, हे रकाने काढून टाकू या."